न चाखलेले स्टोव्हीज

वॉटफर्ड,
ऑगस्ट १९९६

प्रिय आई,

आज सकाळी मी तुझ्याबद्दलचा एक कागद टराटरा फाडला. तुकडे अजून ओट्यावर पडलेत. बाबांनी ते बघितले, आपला चहा उचलला आणि टीव्हीसमोर जाऊन बसले. त्या कागदाऐवजी हे पत्र. इंग्लंडात वाढलीस म्हणून मराठी वाकडी चालणार नाही, असं म्हणून तू दर रविवारी मला एक पान शुद्धलेखन लिहायला लावायचीस. किती रडायचे मी! आज त्याचा उपयोग होतोय. चुका सापडल्या तर लाल पेनाने गोल कर.

मंडळाची गणपतीची स्मरणिका निघतेय. तुला जाऊन सहा महिने झाले म्हणून त्यात एक पान तुझं. मजकूर मंडळाच्या सुलभामावशींनी स्वतःच लिहून पाठवला होता, मी फक्त खाली नाव घालायचं. काय लिहिलं होतं सांगू? 'शालनताई अत्यंत सोज्वळ होत्या. त्यांनी आयुष्यात कधी कुणाला नाही म्हटले नाही.' त्याखाली तुझ्या तीन पाककृती: उकडीचे मोदक, अळूचं फदफदं, साखरभात. आणि वर चिकटवलेली पिवळी चिठ्ठी: 'मंजू, ते सॉसेजचं प्रकरण यात नको हं.'

प्रकरण! आठ वर्षं दर शुक्रवारी तू जे शिजवलंस, ते प्रकरण?

काल रविवारी सुलभामावशी ईलिंगहून स्वतः तो कागद न्यायला आल्या, आणि बोलता बोलता मला असं काही सांगून गेल्या की मी अजून सावरले नाहीये. पण ते नंतर. आधी ईनाआजीबद्दल लिहिते. तिचं नाव त्या कागदावर कुठेच नव्हतं.

मी सहा वर्षांची होते, तुला शाळेच्या ऑफिसात टायपिंगची नोकरी लागली आणि मला दुपारी घरी आणायला कुणीच नव्हतं. शेजारची ही स्कॉटलंडातल्या डंडीची म्हातारी आपणहून कुंपणापाशी येऊन म्हणाली, "मी आणीन की तिला. मला दुसरं काम काय आहे?" तीन वर्षं तिने मला आणलं. पावसात, बर्फात, संधिवाताने वाकड्या झालेल्या बोटांनी माझा हात धरून. तू तिला कितीदा विचारलंस, तुमच्यासाठी काय करू? ती दरवेळी म्हणायची, काही नको गं, हेन. सगळ्या बायकांना ती हेनच म्हणायची, तुलाही आणि पोस्टातल्या बाईलाही.

मग ती दूध गॅसवर ठेवून विसरायला लागली. एकदा विसरली, दोनदा विसरली, तिसऱ्यांदा पातेलं जळून पडदा पेटला आणि तिची शेगडी कायमची बंद करून टाकली. दुपारचं जेवण गाडीतून घरपोच यायचं. ती ते खायची, पण घर आपलंच असून त्यात रांधण्याचा कसलाच वास नाही, याचं तिला फार लागलं होतं. त्या आठवड्यात तू पुन्हा विचारलंस आणि तिने पहिल्यांदाच काहीतरी मागितलं. स्टोव्हीज. तिची आई दर शुक्रवारी करायची ते. सॉसेज, बटाटे, कांदा, जाड पातेलं, घट्ट झाकण आणि मंद आच.

तुझा चेहरा मला आठवतोय! कधी अंड्याला हात न लावलेली तू. बाबा बाहेर सगळं खायचे आणि घरी साळसूद बसायचे, तेही म्हणाले, "शालन, मला यात ओढू नकोस." तिसऱ्या दिवशी तू कुंपणापाशी जाऊन तुझ्या त्या सावकाश इंग्रजीत म्हणालीस, "मी करीन. पण गाईचं काही नको. तेवढं एक माझ्यासाठी सोडा." ईनाआजीच्या घरी सॉसेज गोमांसाचे आणि वर गाईचीच चरबी. ती विचारात पडली. मग म्हणाली, डुकराचे चालतील. पण चरबीशिवाय कसं करणार?

तू साजूक तुपात केलेस!

हसू येतं गं अजून. डंडीच्या म्हातारीचे स्टोव्हीज, वॉटफर्डच्या खाटकाचे सॉसेज आणि घरी कढवलेलं तूप. सॉसेज तू चिमट्याने उचलायचीस, तोंड थोडं बाजूला करून. कांदा उभा चिरायचीस. बटाटे निम्मे पातळ, निम्मे जाड, कारण ईनाआजीने खुर्चीत बसून बजावलं होतं की पातळ विरघळले पाहिजेत आणि जाड उरले पाहिजेत. अर्धी वाटी पाणी, पांढरी मिरी, झाकण. ढवळायचं नाही, फक्त पातेलं दोन्ही हातांनी धरून हलवायचं. ते पातेलं वेगळं, जिन्याखालच्या कपाटात, एका जुन्या टॉवेलात गुंडाळलेलं. शुक्रवारी तिथून निघायचं आणि घासून पुन्हा तिथेच जायचं.

पहिल्या दिवशी ईनाआजीने एक घास घेतला, बराच वेळ चघळला आणि म्हणाली, "हे माझ्या आईचं नाही. पण वाईटही नाही." मग बशी पुसून खाल्ली. खाली लागलेली खरवड तिने चमच्याने खरवडून मागितली, आणि तू हरखलीस, कारण आजोबाही दुधाच्या पातेल्यातली खरवड अशीच मागायचे, हो ना?

तिने एकच विचारलं, "मीठ इतकं बरोबर कसं? तू तर चाखलंही नाहीस."

तू म्हणालीस, "आम्ही देवासाठी करतो ते चाखत नाही. सवय आहे."

मी नऊ वर्षांची होते आणि तिथेच ओटकेक खात उभी होते. ओटकेक म्हणजे आपली कडक भाकरीच, फक्त ओटची. मला त्या वाक्यात काही विशेष वाटलं नाही. आपल्याकडे नैवेद्य कुणी चाखत नाही, हे मला ठाऊकच होतं. गणपतीचे मोदकही तू तसेच करायचीस. मंडळाचे एकवीस मोदक दरवर्षी आपल्याच घरून जायचे, गाडीत माझ्या मांडीवर, आणि आरतीनंतर चर्चच्या त्या हॉलमध्ये सगळ्या जणी म्हणायच्या, शालनच्या हाताला काय अंदाज आहे! मला कळत होतं तो अंदाज कुठून आला. तू कान लावून रांधायचीस. पाण्याची खदखद जड झाली, मग बारीक चुरचुर ऐकू आली, की गॅस बंद. मोदकांच्या सारणालाही तेच, स्टोव्हीजनाही तेच.

आता माझं पाप सांगते. तुला ठाऊक आहे, पण मी कधी तोंडाने बोलले नाही.

मी अकरा वर्षांची होते त्या वर्षी आरतीनंतर तुझं कौतुक चाललं होतं, आणि मला वाटलं, एवढंच काय, आणखी सांगू! मी मोठ्याने म्हणाले, "माझ्या आईचे सॉसेज तर याहून भारी असतात!"

कुणीतरी हसलं. सुलभामावशी म्हणाल्या, "कुठले सॉसेज, बाळा?" आणि मी सांगितलं. सगळं. पातेल्याचा रंगसुद्धा सांगितला. तू पलीकडे पत्रावळी आवरत होतीस. तू वर बघितलंस आणि परत खाली बघितलंस.

पुढच्या वर्षी मोदक दुसऱ्या कुणाच्या घरून आले. तुला कागदी बशा आणि पेपर नॅपकिन आणायचं काम मिळालं. तू ते आणलेस, इस्त्री केल्यासारखे नीट घडी घातलेले. गाडीत माझी मांडी रिकामी होती. घरी येताना मी ढसाढसा रडले तर तू म्हणालीस, "तोंड पूस. पोरीने खरं बोलावं, त्यात रडायचं काय?" मला वाटलं तू मला समजावतेयस. मला खरंच वाटलं की माझ्यामुळे तुझा मान गेला, आणि तू गरीब गाईसारखी तो जाऊ दिलास. त्याचाच मला पुढे राग यायला लागला. माझ्यावरचा राग मी तुझ्यावर काढला.

पंधरा वर्षांची असताना मी तुला काय म्हणाले, आठवतंय? शुक्रवार होता, तू कांदा चिरत होतीस. मी म्हणाले, "कशाला करतेस अजून? सगळे तुला हसतात. ती आपली कोण लागते?" माझी तीच वाकडी मराठी, पण मुद्दा तुला पोचला होता. तू ओरडली असतीस तर बरं झालं असतं. तू म्हणालीस, "झाकण धर, गरम आहे." मी झाकण धरलं. मग आपण दोघी ते पातेलं घेऊन शेजारी गेलो आणि मी तिथे मुकाट्याने दोनदा वाढून घेऊन खाल्लं. लाज नावाची गोष्ट नव्हती मला!

ईनाआजी गेली तेव्हा तिचा भाचा डंडीहून आला. चार माणसं होती फक्त. तू मोठं पातेलं भरून स्टोव्हीज केलेस, व्हिनेगरमधलं बीट कापून ठेवलंस, आणि स्वतः दूध-पोहे खाऊन आलीस. भाच्याने तीनदा घेतलं. तुला विचारलं, "हे कुठे शिकलात?" तू तिच्या रिकाम्या खुर्चीकडे हात केलास. घरी आल्यावर पातेलं घासलंस, टॉवेलात गुंडाळलंस, आणि ते पुन्हा कधी काढलं नाहीस. तू त्या दिवशी खूप रडलीस. मी तुला जवळ घेतलं नाही. मला वाटलं, संपलं एकदाचं. हे मी तुला जिवंतपणी सांगायला हवं होतं.

तू गेल्यावर मी कपाट आवरायला घेतलं आणि पातेलं सापडलं.

तीनदा केले मी स्टोव्हीज. पहिल्यांदा चाखून मीठ घातलं, खारट. दुसऱ्यांदा चाखून पाणी घातलं, लगदा. तिसऱ्यांदा ढवळलं, म्हणजे बघायलाच नको, बाबांनी तेही खाल्लं आणि म्हणाले, "ठीक आहे." म्हणजे किती वाईट असेल! मग काल चौथ्यांदा ठरवलं, चाखायचं नाही. चमचाच ड्रॉवरमध्ये ठेवून दिला. ओट्याला टेकून नुसती ऐकत उभी राहिले. आणि नेमकी तेव्हाच बेल वाजली.

सुलभामावशी. हातात तांदळाच्या पिठीची पिशवी. स्वयंपाकघराच्या दारात थांबल्या, नाक वर केलं आणि पहिलं वाक्य काय म्हणाल्या? "मंजू, खाली लागतंय गं."

मी पातेलं हलवलं. त्या खुर्ची ओढून बसल्या, पदर नाकाशी धरून, पण बसल्या. म्हणाल्या, "कागद दे. मला प्रिंटरला द्यायचाय, डेडलाइन क्लोज होतेय. आणि ऐक, यंदा एकवीस मोदक तू कर. शालनच्या नावाने. कमिटीने डिसाइड केलंय. तिची पिठी कशी असायची तशीच दळून आणलीय."

"मावशी, ते वाक्य मला पटत नाही. कधी कुणाला नाही म्हटलं नाही म्हणून लिहिलंय ते."

"मग? होतीच ती तशी. मला सोडून."

"तुम्हाला सोडून म्हणजे?"

त्यांनी हातातली पिशवी टेबलावर ठेवली. मग एकदम भडकल्याच. "अगं, मी स्वतः आले होते इथे! ह्याच खुर्चीत. तुझ्या त्या सॉसेजच्या गोंधळानंतर. म्हटलं, शालन, लेट्स बी प्रॅक्टिकल. ते बंद कर, झालं गेलं विसरू, मोदक परत तुझ्याकडे. अख्ख्या कमिटीला मी मनवलं होतं. आणि तुझी आई मला काय म्हणाली ठाऊक आहे?"

मला ठाऊक नव्हतं, आई. अकरा वर्षं मला ठाऊक नव्हतं!

"म्हणाली, सुलभाताई, गणपतीला नैवेद्य करायला मंडळात चाळीस जणी आहेत. ईनाला मी एकटी आहे. तुम्ही चहा घेणार का?" मावशींचा आवाज चिरकला. "चहा घेणार का, म्हणे! मला अजून राग येतो."

मी म्हणाले, "मग हे लिहा ना."

"गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच लिहायचं असतं, मंजू."

"अहो, हेच तर चांगलं आहे!"

त्यांनी मान हलवली. नाही म्हणजे नाहीच. म्हणाल्या, लोक काय म्हणतील, तिची इमेज, नव्या पिढीपुढे काय आदर्श. मी त्यांच्यासमोर गॅस बंद केला, झाकण काढलं आणि सांगितलं, "मोदक मी करीन. पण याच ओट्यावर, याच शेगडीवर, आणि आदल्या दिवशी इथे हे शिजलेलं असेल. ते तुम्ही आरतीआधी सगळ्यांना सांगायचं. चालत असेल तर घेऊन जा." त्या उठल्या, कोट घातला आणि निघून गेल्या. हो म्हणाल्या नाहीत, नाहीही म्हणाल्या नाहीत. पिठीची पिशवी टेबलावरच राहिली. विसरल्या की ठेवून गेल्या, मला सांगता येणार नाही.

आई, का नाही सांगितलंस मला? एका वाक्याचं काम होतं. मंजू, मोदक मी सोडले, कुणी काढून घेतले नाहीत. मी तुला बिचारी समजत राहिले! सगळं घर तुला मऊ समजत होतं, आणि तू याच ओट्याशी उभी राहून अख्ख्या मंडळाला परत पाठवलंस, वर चहा विचारलास. मला तुझा राग येतोय आणि इतका अभिमान वाटतोय की काल रात्रीचं जेवण मी उभ्यानेच केलं, बसवेना.

आणि एक. आठ वर्षं रांधलंस, पण त्याची चव तुला कधीच कळली नाही. मी सांगते, ऐक. आधी कांदा लागतो, गोड, तुपात विरघळलेला. मग मिरी, जरा उशिराने, घशाशी. जाड बटाट्याची फोड बाहेरून पिठूळ आणि आत गरम, पातळ बटाटा सगळ्यांना धरून ठेवतो. सॉसेज खारट असतो, म्हणून मीठ हात राखून घालावं लागतं, आणि ते तू न चाखता कसं ओळखलंस, देव जाणे. तळाशी खरवड, तपकिरी, थोडी कडू. ती सगळ्यात छान असते. काल ती बाबांनी मागितली. खाली लागलं होतं, सुलभामावशी बरोबर होत्या. पण मीठ बरोबर झालं, आई. चौथ्यांदा बरोबर झालं.

आता माझा शब्द घे. स्मरणिकेत तुझं पान जाईल तर त्यात ईनाआजीचं नाव असेल, तुझं ते उत्तर असेल, आणि चौथी पाककृती असेल, साजूक तुपासकट. छापलं नाही तर मी हॉलच्या दारात उभी राहून वाचीन, आणि तुला माहीत आहे माझा आवाज किती लांब जातो. गणेश चतुर्थीच्या आदल्या दिवशी मी तुझं पातेलं काढीन. दुसऱ्या दिवशी याच पिठीचे एकवीस मोदक करीन. मंडळाने नेले तर नेले. नाही नेले तर या रस्त्यावर घरोघर वाटीन, सुरुवात ईनाआजीच्या दारापासून. तिथे आता राहणाऱ्यांशी माझी ओळख नाही, पण त्यांच्या घरातही शुक्रवारी कसलातरी वास यावा असं वाटत असेलच ना कुणाला?

आणि कुणी मला अडवून विचारलं, एवढी ऐट करतेस, निदान चाखून तरी बघितलंस का, तर मी सांगीन: आमच्या घरी दुसऱ्यासाठी केलेलं आधी चाखत नाहीत.

तोंड कधीच न आवरलेली, तुझी
मंजू